आधी प्रयोगशाळेचं कुलूप काढा

विज्ञान शिकवण्याच्या नावाखाली पुण्याजवळच्या आमच्या चऱ्होलीच्या आसपास, दिघी-मोशी-भोसरीपासून थेट चाकणपर्यंत, एक फसवणूक उजळ माथ्याने चालू आहे. प्रयोगशाळा कुलूप लावून ठेवायची, वर्गात भिंतभर टचस्क्रीन बसवायचा, त्यावर भौतिकशास्त्राचं किंवा रसायनशास्त्राचं एखादं सिम्युलेशन चालवायचं आणि मुलांनी प्रयोग केला असं जर्नलमध्ये लिहून घ्यायचं. सगळ्याच शाळा-कॉलेजांत असं होतं असं मी म्हणत नाही. पण जिथे होतं तिथे ते लपूनछपून होत नाही, जाहिरातीत छापून होतं. ‘व्हर्च्युअल लॅब’ हे शब्द आता प्रवेशाच्या फलकावर मोठ्या अक्षरात असतात आणि आपण पालक ते वाचून जास्त फी भरतो. मला याचा संताप येतो. तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

पुतणीच्या अकरावीच्या प्रवेशाआधी आम्ही कॉलेजं पाहत फिरत होतो. एका ठिकाणी मी प्रयोगशाळा पाहायला मागितली. किल्ली कुणाकडे आहे याची थोडा वेळ चौकशी झाली आणि मग ती मिळत नाही असं ठरलं. खिडकीतून आत पाहिलं तर ओट्यांवर परीक्षेचे बाक रचून ठेवलेले होते. आमच्याबरोबरचे गृहस्थ अगदी मोकळेपणाने म्हणाले, “सर, प्रॅक्टिकलचं टेन्शन घेऊ नका. आता सगळं सिम्युलेशनवर होतं. मुलांचा वेळ वाचतो, तो सीईटीला लावता येतो.” पुतणीने विचारलं, “केमिस्ट्रीचं पण?” ते म्हणाले, “केमिस्ट्रीचं तर आणखी सोपं, बेटा. हात पण खराब होत नाहीत.”

त्या माणसाला मी तिथेच जे सांगितलं ते इथे सगळं लिहिणं बरं नाही. त्यातला लिहिण्यासारखा भाग पुढे लिहितो आहे.

माझं पोट सिम्युलेशनवरच चालतं. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी संगणकावर धडका घडवतो. सीटचा सांगाडा, दरवाज्यातली बीम, कुठला तरी ब्रॅकेट, त्याचे बारीक तुकडे करून मेश तयार करायचा, पत्र्याचे गुणधर्म भरायचे, भार लावायचा आणि रात्रभर सॉल्व्हर चालू ठेवायचा. सकाळी कळतं कुठे काय वाकलं आणि कुठे फाटलं. म्हणजे संगणकावरचं सगळं खोटं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. या साधनाची ताकद मी रोज वापरतो. आणि म्हणूनच सांगतो, आमच्या धंद्यात नुसत्या सिम्युलेशनच्या निकालावर कुणीही भाग मंजूर करत नाही. तो निकाल खऱ्या चाचणीच्या शेजारी ठेवावा लागतो. त्याला आम्ही कोरिलेशन म्हणतो. चाचणीत पत्रा जिथे फाटला तिथे माझ्या मॉडेलमध्ये फाटला नसेल, तर चूक माझ्या मॉडेलची. मग वेल्डचं मॉडेलिंग पुन्हा तपासायचं, जाडी खरोखर किती आली ते मोजायचं, आणि परत. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे भारत एनसीएपी ही गाड्यांची सुरक्षा-चाचणी सुरू झाली. त्यात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने खरीखुरी अडथळ्यावर नेऊन आपटतात. जगभरात संगणकांची ताकद इतकी वाढली, तरी गाडी आपटून पाहणं कुणी थांबवलेलं नाही. जी मंडळी सिम्युलेशन सगळ्यात चांगलं जाणतात, त्यांचा त्याच्यावर आंधळा विश्वास सगळ्यात कमी असतो.

आणि शाळेत आपण पोरांना नेमकं उलटं शिकवतो आहोत. पडद्यावर आलं ते उत्तर. त्याच्या शेजारी ठेवायला दुसरं काहीच नाही.

आता चांगल्या सिम्युलेशनविषयी बोलतो, कारण ती खरोखर चांगली आहेत आणि त्यांची बदनामी व्हावी असं मला वाटत नाही. नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशनं फुकट आहेत आणि बरीचशी मराठीतही आली आहेत. अमृता विद्यापीठ आणि मुंबईचं सी-डॅक यांनी सरकारी पैशातून नववी ते बारावीसाठी ‘ओलॅब्ज’ तयार केलं, त्यातही मराठी आहे. दोन्हींसाठी शाळेला एक पैसा मोजावा लागत नाही. ‘डिजिटल लॅब’च्या नावाने तुमच्याकडून शुल्क घेतलं जात असेल, तर ते नेमकं कशाचं, हे पावती हातात घेऊन विचारा.

फेटमधलं विद्युत मंडलाचं सिम्युलेशन घ्या. मुलगा पडद्यावर सेल ठेवतो, तार जोडतो, बल्ब लावतो. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. आपल्याकडे दहावी पास झालेल्या कित्येक मुलांच्या डोक्यात एक समज घट्ट बसलेला असतो: प्रवाह सेलमधून निघतो, बल्बमध्ये थोडा खर्च होतो आणि उरलेला परत येतो. गणित बरोबर सुटतं, ओहमचा नियम पाठ असतो, समज मात्र तसाच राहतो. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, त्यामुळे खऱ्या मंडलाने तो सहज तुटत नाही. पडद्यावर तुटू शकतो. बल्बच्या आधी आणि नंतर इलेक्ट्रॉन सारख्याच संख्येने, सारख्याच वेगाने जात आहेत हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. तारेने सेलची दोन टोकं थेट जोडली तर पडद्यावरचा सेल पेट घेतो. ते करून पाहताना पोरं ओरडतात आणि शॉर्टसर्किट म्हणजे काय हे आयुष्यभर विसरत नाहीत. वायूच्या सिम्युलेशनमध्ये हवा भरत गेलं की डब्याचं झाकण उडतं. लंबकाच्या सिम्युलेशनमध्ये ‘प्लॅनेट एक्स’ नावाचा एक ग्रह आहे, त्याचं गुरुत्व किती हे सांगितलेलंच नसतं, ते लंबक झुलवून शोधायचं असतं. हे ज्यांनी बनवलं त्यांनी मुलांना शेजारी बसवून, ती काय करतात आणि मोठ्याने काय विचार करतात ते ऐकून बनवलं. सुरुवातीला काही मिनिटं काहीच सूचना न देता मुलांना नुसतं खेळू द्या, असं ते शिक्षकांना सांगतात.

मुलांना खेळू द्या. मुलांना. आणि आपल्या वर्गात काय होतं? साठ मुलं बसलेली, पुढे पॅनेल, पॅनेलपुढे सर. सर स्वतःच तार जोडतात, सरच स्विच दाबतात, सरच सांगतात, “बघा, लागला की नाही बल्ब?” मुलं म्हणतात, “हो सर.” तास संपतो. मुलाने कुठली तार कुठे लावायची हे ठरवलंच नाही, तर त्याचं चुकणार काय आणि समजणार काय? फिरकीपटूच्या चेंडूफेकीची क्लिप पाहून मनगट वळत नसतं. तसा हा तास. पोराच्या हातात बोटभर काम न देता चालवलेलं सिम्युलेशन हा सिनेमा आहे, आणि सिनेमाला प्रात्यक्षिकाचे गुण देणं ही लबाडी आहे.

बिचाऱ्या शिक्षकांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. साठ मुलं, एक पॅनेल आणि तीन आठवड्यांत संपवायचे दोन धडे, यातून त्यांनी काय काढायचं? पण एकाच पडद्यावरही हे चांगलं करता येतं, आणि त्याला काही लागत नाही. स्विच दाबण्याआधी थांबायचं. दुसरा बल्ब एकसरीत जोडला तर पहिला मंद होईल की तसाच राहील, हे प्रत्येकाने वहीत लिहायचं. हात वर करायला सांगायचं. वर्ग दोन गटांत फुटतोच. मग चुकीचं उत्तर दिलेल्या मुलीलाच पुढे बोलवायचं, तार तिने जोडायची, स्विच तिने दाबायचा, आणि तिच्या अंदाजापेक्षा वेगळं का झालं हे तिने सांगायचं. याला दहा मिनिटं जास्त जातात. ती दहा मिनिटं शिक्षकाला द्यायची की नाही, हे संस्थाचालक ठरवतात.

पडद्याची बाजू घेणारी शिकलेली मंडळी लगेच 2005 चा एक अभ्यास पुढे करतात. नोआ फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोराडोतच तो केला. पदवीच्या सुरुवातीच्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना खऱ्या तारा-बल्बांऐवजी फेटचं मंडल दिलं, आणि पुढे संकल्पनांच्या प्रश्नांत ती मुलं खऱ्या साहित्यावर काम केलेल्यांपेक्षा सरस ठरली. हे खरं आहे. मी ते नाकारत नाही, उलट मला त्याचा आनंद आहे. पण त्या अभ्यासाचा उरलेला भाग कुणी सांगत नाही. ती मुलं स्वतः हाताने सिम्युलेशन चालवत होती, प्रयोगशाळेच्या तासात, कामाचा कागद समोर घेऊन. आणि शेवटी त्यांच्यापुढे खऱ्या तारा, खरे बल्ब ठेवले गेले आणि खरं मंडल जोडून त्याचं स्पष्टीकरण द्यायला सांगितलं गेलं. त्यातही ती पुढे राहिली म्हणून त्या निष्कर्षाला किंमत आली. पडदा खरा उतरला की नाही, हे खऱ्या टेबलावर तपासलं गेलं. हेच ते कोरिलेशन. ज्या कॉलेजच्या ओट्यावर बाक रचलेले आहेत, त्याला या अभ्यासाचं नाव घ्यायचा हक्क नाही.

पडद्यावर जे होत नाही ते काय, हे आता बारावीच्या साध्या प्रयोगावरून सांगतो. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन. फ्लास्कमध्ये आम्लाचं द्रावण, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, आणि ते साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचं. ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट सोडायचं. पहिले काही थेंब पडतात आणि गुलाबी रंग जातच नाही. मुलगा घाबरतो, त्याला वाटतं संपलं, एंड पॉइंट आला. थोडं हलवत राहिलं की रंग जातो. पुढचा थेंब आधीपेक्षा लवकर विरतो, त्याच्या पुढचा लगेच. का? कारण अभिक्रियेतून तयार झालेलं मँगनीज तीच अभिक्रिया जलद करतं. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि कुणी वाचत नाही, पण फ्लास्क हातात धरून ज्याने तो रंग जाताना पाहिला त्याला ते कुणी शिकवावं लागत नाही. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं किंवा द्रावण थंड राहिलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. प्रयोग फसला, पण का फसला हे शोधताना मँगनीजच्या वेगवेगळ्या अवस्था डोक्यात बसतात. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटमधली पातळी वरच्या कडेवर वाचावी लागते, इतर द्रावणांसारखी खालच्या कडेवर वाचून चालत नाही. नॉब गळका असतो. रीडिंग घेताना मान वाकडी असेल तर आकडा बदलतो. तीन रीडिंग तीन वेगळी येतात आणि त्यांतलं कुठलं टाकून द्यायचं हे ठरवावं लागतं. यातलं जवळजवळ सगळं पडद्यावरून पुसलेलं असतं. ब्युरेट कधी गळत नाही, मान कधी वाकडी होत नाही आणि उत्तर नेहमी बरोबर येतं.

मला खरी भीती या नेहमी बरोबर येणाऱ्या उत्तराची वाटते. लंबकाचा प्रयोग करून g, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढला की पुण्यात तो 9.78 च्या आसपास यायला हवा. शाळेच्या घड्याळाने, शाळेच्या दोऱ्याने तो 9.3 येतो, कधी 10.2 येतो. गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी मोजायची असते, मुलं हुकापर्यंत मोजतात. झोका फार मोठा देतात, त्याने आवर्तकाल वाढतो. एकच आवर्तन मोजतात, त्यामुळे बोटाच्या उशिराची चूक सगळी त्या एका आकड्यात येते. वीस आवर्तनं मोजली असती तर ती वीसात वाटली गेली असती. हे सगळं शोधणं म्हणजेच तो प्रयोग. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 9.8 हे उत्तर आधी लिहायचं आणि त्याला जुळतील अशी ऑब्झर्वेशन्स मागून बसवायची. मोठ्या भावाचं जर्नल खाली मान घालून उतरवायचं. परीक्षक येतात, चहा होतो, तीसपैकी अठ्ठावीस गुण पडतात. मुलाला वयाच्या सतराव्या वर्षी आकडे खोटे लिहायची सवय आपण गुण देऊन लावतो. सिम्युलेशनने ही सवय निर्माण केलेली नाही, ती जुनी आहे. पण आता तिला प्रतिष्ठा मिळाली. पूर्वी मुलाला निदान माहीत असायचं की आपण आकडा बनवला. आता पडदाच बनवलेला आकडा देतो, त्यामुळे मनाला टोचत नाही.

हीच मुलं पुढे चाकणला येतात. डिप्लोमा करून, आयटीआय करून, इंजिनिअर होऊन. क्वालिटी विभागात त्यांच्या हातात मायक्रोमीटर येतो आणि भाग ड्रॉइंगपेक्षा वेगळा निघतो. अशा वेळी दोन प्रकारची पोरं दिसतात. एक म्हणतं, “सर, हे जुळत नाहीये, पुन्हा मोजू का?” दुसरं गुपचूप ड्रॉइंगमधला आकडा तक्त्यात भरतं. या दुसऱ्या पोराला मी दोष देत नाही. बारावीपर्यंत त्याला हेच करायला लावलं. पण त्या तक्त्यावर विश्वास ठेवून ब्रेकचा भाग गाडीला बसतो.

सरकारने या फसवणुकीला भाषा पुरवली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्हर्च्युअल लॅबचा उल्लेख आहे, उद्देश असा की सर्व मुलांना प्रत्यक्ष प्रयोगांवर आधारलेल्या शिक्षणाची सारखी संधी मिळावी. 2022 च्या अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणिताच्या 750 व्हर्च्युअल लॅब जाहीर झाल्या. जिथे शाळेत खोलीच नाही, तिथे हे वरदान आहे, आणि नंदुरबारच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलीला ते मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण ज्या चऱ्होलीत कॉलेज पाच मजली आहे, खाली पार्किंग आहे, वर टर्फ आहे, तिथे ‘प्रयोगशाळा परवडत नाही’ हे कारण चालणार नाही. परवडत नाही ती प्रयोगशाळा नव्हे. प्रयोगशाळा सहायकाचा पगार आणि वर्षाला फुटणाऱ्या काचेचा खर्च करवत नाही, आणि आठवड्याचे ते तास, जे कोचिंगला विकता येतात, ते सोडवत नाहीत. 2018 मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती, कारण मुलं कॉलेजात फक्त नावाला असतात आणि दिवसभर क्लासला बसतात हे सरकारलाही दिसत होतं. यंत्रावर बोट उमटवून मूल प्रयोगशाळेत जात नाही. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नांत पर्यायांवर खूण करायची असते, तिथे ब्युरेट कुणी विचारत नाही, म्हणून ब्युरेट कपाटात गेलं.

साहित्य महाग आहे म्हणणाऱ्यांना मी आपल्याच पट्ट्यातला एक माणूस दाखवतो. आयआयटी कानपूरचे अरविंद गुप्ता पुण्यात टेल्को या वाहन कंपनीत नोकरीला होते. 1978 मध्ये ते वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांमधून मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत होती, असा तो कार्यक्रम. तिथे गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आणि रेणूंचे आकार बनवले. पुढे पुण्यातल्या आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवली आणि ती सगळी जगाला फुकट वाटली. सेल, दोन सेफ्टी पिना, रबर, छोटा चुंबक आणि एनॅमलच्या तारेचं वेटोळं एवढ्यावर त्यांची विद्युत मोटर फिरते. दहावीच्या पुस्तकात विद्युतधारेच्या परिणामांच्या धड्यात मोटर आहेच. वेटोळ्याच्या एका टोकाचं एनॅमल अर्धंच खरवडायचं असतं. पूर्ण खरवडलं तर वेटोळं नुसतं थरथरतं, अर्धं खरवडलं की गरगर फिरतं. ते का, हे ज्याला कळलं त्याला मोटरीतल्या विभक्त कड्याचं (स्प्लिट रिंगचं) कोडं सुटलं. मोटर जमल्यावर त्याच मुलाला पडद्यावर चुंबकीय क्षेत्राच्या रेषा दाखवा, वेटोळं हळू फिरवून दाखवा. तेव्हा पडदा काय सांगतो आहे हे त्याला समजेल, कारण बोटात अजून ते फिरणं असेल. आणि या मोटरीला फारसा खर्च येत नाही.

आमच्या गावाला तर प्रयोगशाळा शोधायलाही लांब जावं लागत नाही. इंद्रायणी शेजारून वाहते. गेल्या काही वर्षांत आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगतानाची छायाचित्रं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली, वारकरी त्याच फेसात उतरले. आमच्या मुलांच्या पुस्तकात साबण आहे, आम्ल-अल्कली आहे, pH आहे. आणि पोरं pH कुठे शिकतात? पडद्यावरच्या लिंबाच्या रसात आणि पडद्यावरच्या साबणात. पडद्यावरचं pH मीटर कधीच चुकत नाही, कारण लिंबाचं pH त्यात आधीच भरून ठेवलेलं आहे. नदीचं कुणी भरून ठेवलेलं नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, नदीचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात सोसायटीत येणाऱ्या टँकरचं पाणी तीन बाटल्यांत आणा. pH पट्टीने तपासा. प्रत्येकात साबणाचे मोजून थेंब टाका, हलवा, फेस किती उंच आला ते पट्टीने मोजा. दुष्फेन (जड) पाण्यात साबणाचा फेस का होत नाही आणि नदीत साबण न टाकताही का होतो, हा प्रश्न मुलंच विचारतील. उत्तर देताना शिक्षकाला अपमार्जकांपर्यंत, सांडपाण्यापर्यंत, कारखान्यांपर्यंत यावं लागेल. काही घरांत संध्याकाळी त्यावर वादही होतील, कारण या भागातल्या कितीतरी घरांचं पोट त्याच कारखान्यांवर आहे. होऊ द्यात. रसायनशास्त्र घरात शिरतं ते असंच.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा पॅनेल किती इंची आहे ते विचारू नका. प्रयोगशाळेची किल्ली मागा आणि दार उघडेपर्यंत तिथून हलू नका. आत गेल्यावर नळ सोडून पाहा, पाणी येतं का. गॅस आहे का. ब्युरेटच्या नॉबला हात लावा, तो फिरतो की सुकून अडकला आहे. प्रयोगशाळा सहायकाचं नाव विचारा आणि त्याला प्रत्यक्ष भेटा. मागच्या वर्षीची तीन जर्नलं मागा आणि शेजारी ठेवून बघा. तिन्हींत g चा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत सारखाच असेल, तर सगळी उतरवलेली आहेत. मग सिम्युलेशनविषयी विचारा. कुठली वापरता, मुलं स्वतः चालवतात का, आणि पडद्यावर जे पाहिलं ते त्याच आठवड्यात टेबलावर करून पाहतात का. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर पावती फाडू नका.

पुतणीचा प्रवेश आम्ही दुसरीकडे घेतला. कॉलेज जुनं आहे, भिंतींना ओल आहे, प्रोजेक्टर मधूनच बंद पडतो. पहिल्या सहामाहीत तिचं टायट्रेशन सलग दोनदा फसलं, आणि तिथल्या मॅडमनी तिला जर्नलमध्ये तेच फसलेलं रीडिंग लिहायला लावलं, खाली कारणासकट.